मेंकांना कोणी विचारले?

विद्यालयाच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने विज्ञानकथेवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या वादाविषयी आम्ही लिहीत आहोत, तो मुळात इतिहासाचाच वाद आहे. फक्त तो अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी मालिकेच्या रसिकांनी परग्रहावर नेऊन घातला आहे.

'स्टार ट्रेक' ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झाली. पहिली मालिका तीन वर्षे चालली व ७९ भागांनंतर बंद पडली. पण तिच्या रसिकांनी तिला मरू दिले नाही. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ती बंद होणार अशी कुणकुण लागताच त्यांनी वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पाडला होता. १९६७ पासून हे रसिक स्वतः छापलेल्या छोट्या नियतकालिकांतून मालिकेची चिकित्सा करू लागले. पुढे याच विश्वात अनेक मालिका निघाल्या आणि वादांनाही तोटा राहिला नाही.

हे वाद कसे चालतात, हे पाहण्यासारखे आहे. कथेत विसंगती दिसली की रसिक दोन प्रकारची उत्तरे शोधतात. एक उत्तर कथेच्या आतले : त्या पात्राला त्या वेळी काय ठाऊक होते, त्या जगाचे नियम काय होते. दुसरे उत्तर कथेच्या बाहेरचे : लेखकाला वेळ किती होता, निर्मात्याला काय हवे होते. मुरलेला रसिक ही दोन्ही उत्तरे एकमेकांत मिसळू देत नाही. आपल्या परंपरेला ही रीत परकी नाही. 'मिलिंदपञ्ह' या पालि ग्रंथात राजा मिलिंद भदन्त नागसेनांना जे मेण्डकपञ्ह विचारतो, ते असेच आहेत. मेंढ्याच्या दोन शिंगांसारखे, कोणतीही बाजू धरली तरी टोचणारे. तथागत सर्वज्ञ आणि कारुणिक होते, तर पुढे संघात फूट पाडणाऱ्या देवदत्ताला त्यांनी प्रव्रज्या दिलीच का? हा प्रश्न कथेच्या तर्काचा आहे आणि मूल्याचाही आहे. राजाने तो विचारला म्हणून कोणी त्याला अश्रद्ध म्हटले नाही.

आता मूळ प्रकरणाकडे येऊ. 'एंटरप्राइझ' या मालिकेचा 'डिअर डॉक्टर' हा भाग २३ जानेवारी २००२ रोजी दाखविला गेला. कथा बाविसाव्या शतकातील आहे. कॅप्टन आर्चर यांच्या अंतराळयानाला व्हॅलाकियन नावाच्या लोकांचे एक भरकटलेले यान सापडते. त्यांच्या ग्रहावर रोगाने थैमान घातले आहे. पाच कोटींहून अधिक लोक संकटात आहेत आणि हे लोक मदतीच्या शोधात अवकाशात निघाले आहेत. त्याच ग्रहावर मेंक नावाचा दुसरा मानवसदृश समाज राहतो. त्यांना हा रोग होत नाही. व्हॅलाकियन त्यांना कमी बुद्धीचे समजतात, त्यांच्याकडून कामे करून घेतात, त्यांना अन्न-निवारा देतात आणि आपण त्यांना चांगले वागवतो असे मानतात.

यानावरील वैद्य डॉ. फ्लॉक्स शोध घेतात, तेव्हा रोग आनुवंशिक असल्याचे कळते. काही पिढ्यांत व्हॅलाकियन नामशेष होणार. त्याच वेळी मेंक समजले जातात त्यापेक्षा बरेच बुद्धिमान आहेत आणि वाव मिळाला तर पुढे जातील, असेही डॉक्टरांना दिसते. त्यांना इलाज सापडतो. पण तो द्यावा असे त्यांना वाटत नाही. निसर्गाने निवड केली आहे, तिच्यात आपण ढवळाढवळ का करावी, असा त्यांचा मुद्दा. कोणी परग्रहवासीयांनी पृथ्वीवर येऊन निअँडरथल मानवाला झुकते माप दिले असते तर, असा दाखलाही ते देतात. आर्चर आधी चिडतात, मग रात्रभर विचार करून मान्य करतात. व्हॅलाकियनांना केवळ त्रास सौम्य करणारे औषध मिळते आणि यान निघून जाते.

या निर्णयावर रसिकांत आजही रण माजते. तर्काच्या बाजूने पहिला आक्षेप असा, की उत्क्रांतीला ठरलेले गंतव्य नसते. डार्विनने १८५९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात निसर्ग कोणाला वारसदार म्हणून नेमत नाही. ज्याला जगता आले तो जगला, एवढेच. मेंक 'पुढे जाणार' म्हणून व्हॅलाकियनांनी जागा रिकामी करावी, हे जीवशास्त्र नव्हे. निअँडरथलाचा दाखलाही पुढे लंगडा ठरला. २०१० मध्ये त्या मानवाच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा आफ्रिकेबाहेरील आजच्या माणसांत त्याचा एक ते चार टक्के वारसा असल्याचे दिसले. ज्यांच्यापैकी एकाला निसर्गाने साफ बाजूला सारले असे डॉक्टर समजतात, त्या दोन समाजांत सोयरीक झालेली होती!

कथेच्या बाहेरचे उत्तर सोपे आहे. दुर्बल संस्कृतींत हस्तक्षेप करू नये, हा या विश्वातील मूलभूत आदेश १९६७ च्या एका भागापासून प्रसिद्ध होता. तो आदेश का जन्मला, याची पूर्वकथा लेखकांना हवी होती. पण पूर्वकथेसाठी त्यांनी निवडलेले उदाहरण उलटले, असे आमचे मत आहे. येथे हस्तक्षेप लादलेला नव्हता. रोगी स्वतः दारात येऊन इलाज मागत होता.

डॉक्टरांचे पक्षपाती म्हणतात, इलाज दिला असता तर मेंकांची गुलामगिरी पक्की झाली असती. हा मुद्दा हलका नाही आणि आम्हांला तो सहज झिडकारता येत नाही. अन्न दिले, निवारा दिला, मारले नाही, म्हणून दास्य हे दास्य राहत नाही काय? आपल्या समाजाने 'आम्ही त्यांना सांभाळतो' ही भाषा शतकानुशतके ऐकली आहे. यानावरील एका स्त्रीलाही ही व्यवस्था खटकते, आणि तेव्हा डॉक्टर तिला परक्यांच्या चालीरीतींना आपले माप लावू नये असे समजावतात. मग अखेरीस त्याच मेंकांच्या नावाने ते इलाज रोखतात, हे आम्हांला विशेष बोचले. अन्यायाला निसर्ग म्हणणे आणि मृत्यूलाही निसर्ग म्हणणे, या दोन गोष्टी एकाच खुंटीवर टांगलेल्या आहेत. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात जातीला वंशशुद्धी व सुप्रजननाचा आधार देणाऱ्यांचा समाचार घेतला, तो याच खुंटीवर घाव घालण्यासाठी.

येथे नागसेनांचे उत्तर आठवते. देवदत्त पुढे काय करील हे तथागतांना ठाऊक होते. तरीही प्रव्रज्येमुळे त्याच्या दुःखाला मर्यादा पडेल, म्हणून करुणेने ती दिली, असे ते सांगतात. डॉ. फ्लॉक्स यांनी याच्या नेमके उलट केले. भविष्यातील संभाव्य हितासाठी समोरच्याचे आजचे दुःख त्यांनी राहू दिले, आणि तेही ते भविष्य आपल्याला दिसते या खात्रीने.

गेल्या वर्षी आम्ही ही कथा नववीच्या वर्गात सांगितली. निम्मा वर्ग डॉक्टरांच्या बाजूने गेला, हे प्रामाणिकपणे नोंदवितो. मालकांचा नायनाट होतोय तर होऊ द्या, असे एक मुलगा म्हणाला आणि हशा पिकला. मग मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, मेंकांना कोणी विचारले?" वर्ग गप्प झाला. खरोखर, संपूर्ण भागात त्यांचे भवितव्य ठरते, पण ठरविणाऱ्यांत ते नाहीत. आपल्याबरोबर राहणाऱ्यांना मरू द्यावे की वाचवावे आणि वाचवायचे तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न त्यांच्यापुढे कोणी ठेवतच नाही. १९३० साली बाबासाहेब गोलमेज परिषदेला गेले ते कशासाठी, हे पाठ्यपुस्तकातील चार ओळींपेक्षा त्या प्रश्नाने वर्गाला अधिक समजले, असे आम्हांला वाटले.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला तोच हशा पिकविणारा मुलगा उभा राहिला. रात्री वसतिगृहात वाद झाला होता म्हणे. त्याची नवी शंका अशी : मदत मागायला अवकाशात व्हॅलाकियनच गेले, कारण यान त्यांच्याकडेच होते, मेंकांकडे यान असते, तर त्यांनी काय मागितले असते? आम्ही तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला. दोन दिवस तो पुसला नाही.