डोंगर कोणाला चढता येतो?

आमची सहल कळसूबाईला गेली होती. हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे. उंची १६४६ मीटर. ते अकोले तालुक्यात आहे. आम्ही बारी गावातून चढलो.

मला वाटायचे, जो जोरात पळतो तोच डोंगर चढतो. पण तसे नसते. आमच्या वर्गातला पळण्यात पहिला येणारा मुलगा सुरुवातीलाच धावत सुटला. थोड्या वेळात त्याला धाप लागली अन् पोटात दुखायला लागले. पाणीपण सगळे पिऊन टाकलेले. गुरुजी म्हणाले, बोलता बोलता चढता येईल एवढ्याच चालीने चढावे.

वर्गात कमी बोलणारी एक मुलगी आहे. ती रोज शेळ्या घेऊन माळावर जाते. ती एका चालीने चढली, कुठे बसली नाही. सगळ्यांच्या आधी तीच वर! बडबड्या मुलांचाही उपयोग होतो. त्यांच्या गोष्टी ऐकताना पाय दुखलेले कळत नाहीत.

मी भित्रा आहे. आई म्हणाली होती, "तू नको जाऊस." लोखंडी शिडीवर मी खाली बघितले अन् पाय लटपटले. मागे सगळी पोरे खोळंबली. ती मुलगी वरून ओरडली, "खाली नको बघू, पुढची पायरी बघ." मी पायऱ्या मोजत चढलो. गुरुजी म्हणाले, भित्रा मुलगा कठडा घट्ट धरतो, कड्यावर मस्ती करीत नाही, म्हणून तोही चालतो.

वर देवीचे देऊळ आहे. वारा फार. उतरताना गुडघे दुखतात, हे मात्र कोणी सांगितलेच नव्हते.

शिडीचे मी आईला अजून सांगितलेले नाही. ती शनिवारी हे भित्तिपत्रक बघायला येणार आहे.