फोनवरचा बाजार आणि ठकाचा डाव

गुरांच्या बाजारात बैल घ्यायचा झाला तर आपण काय करतो? आधी बैलाचे दात पाहतो. त्याला चार पावले चालवून पाहतो. विकणारा कुठल्या गावचा, कोणाचा कोण, हे विचारतो. रुमालाखाली हात घालून भाव ठरतो. मग विसार देतो, पावती करतो. फसवणारे तिथेही असतात. पण माणूस समोर असतो. त्याचा चेहरा दिसतो. त्याचे गाव ठाऊक असते.

आता एक नवा बाजार निघाला आहे. तो फोनवर भरतो. त्याला वार नाही, वेळ नाही. जुनी मोटारसायकल, पाण्याची मोटर, लोखंडी कपाट, दुभती म्हैस, काय हवे ते तिथे विकायला असते. वस्तूचा फोटो काढायचा, किंमत लिहायची, आपला नंबर द्यायचा. झालं दुकान! या बाजाराने पुष्कळांची सोय झाली आहे. पण इथे माणूस दिसत नाही. दिसतो तो फोटो. ऐकू येतो तो आवाज. म्हणून ठकांचे फावले आहे.

हे ठक कसे फसवतात, आणि फसलेल्या माणसाने पुढे काय करावे, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

ठकाचा डाव

एक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याला आपले जुने कडबाकुट्टी यंत्र विकायचे आहे. त्याने फोनवरच्या बाजारात यंत्राचा फोटो टाकला. किंमत लिहिली १४,००० रुपये. अर्ध्या तासात फोन आला.

"नमस्कार काका. मी फौजेत आहे. गावाकडं वडलांना यंत्र पाहिजे. किंमत मान्य आहे. पैसे आत्ताच पाठवतो. यंत्र न्यायला उद्या गाडी येईल."

गिऱ्हाइकाने घासाघीस केली नाही. यंत्र चालते की नाही, हेही विचारले नाही. शेतकऱ्याला इथेच शंका यायला हवी होती. पण पलीकडच्या माणसाने वर्दीतला फोटो पाठवला, ओळखपत्र पाठवले. फौजी माणूस खोटे कशाला बोलेल, असे शेतकऱ्याला वाटले. पण फोटो कोणाचाही चोरता येतो. तो माणूस फौजी नव्हताच.

"काका, आधी ५ रुपये पाठवून बघतो." पाच रुपये खरोखर खात्यात आले. शेतकऱ्याचा भरवसा वाढला.

मग ठकाने काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन पाठवला. याला क्यूआर कोड म्हणतात. किराणा दुकानात गल्ल्याजवळ चिकटवलेला असतो, तसाच. "काका, हा स्कॅन करा अन् पिन टाका. १४,००० तुमच्या खात्यात जमा होतील."

शेतकऱ्याने तसे केले. पैसे जमा झाले नाहीत. उलट खात्यातून १४,००० रुपये गेले.

शेतकरी घाबरला. ठक म्हणाला, "अरेच्चा! काहीतरी चूक झाली. घाबरू नका काका. पुन्हा एकदा करा, दोन्ही रकमा एकदम परत येतील." शेतकऱ्याने पुन्हा पिन टाकला. आणखी १४,००० गेले. एकूण २८,००० रुपये गेले. मग पलीकडचा फोन बंद झाला.

हाच डाव उलटाही टाकतात. ठक स्वतः विकणारा होतो. चांगली मोटारसायकल निम्म्या किमतीत देतो म्हणतो. आधी विसार मागतो. मग गाडीभाडे मागतो. मग कागदपत्रांचे पैसे मागतो. मोटारसायकल मुळात नसतेच.

पिन म्हणजे अंगठा

जुन्या काळी सावकार कागद पुढे करी. त्यावर काय लिहिले आहे ते कुळाला वाचता येत नसे. सावकार म्हणे, "उठव अंगठा." अंगठा उठला की शेत गेले.

फोनवरून पैसे देण्याघेण्याची यूपीआय नावाची सोय आपल्या देशात २०१६ साली सुरू झाली. तिच्यात पिन हाच आपला अंगठा आहे. पिन टाकला म्हणजे आपण बँकेला सांगितले, "माझ्या खात्यातून पैसे काढून याला दे." बँक तसे करते. आपण फसलो आहोत, हे बँकेला त्या क्षणी कळत नाही.

म्हणून एक गोष्ट मनात पक्की धरा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही. तुम्ही घरी झोपला असलात तरी कोणी पाठवलेले पैसे खात्यात येतात. पिन लागतो तो पैसे देताना किंवा खात्यातली शिल्लक पाहताना.

पिन टाकण्याआधी पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचा. 'पे' असे लिहिले असेल, तर पैसे जाणार. आपण आता वाचायला शिकलो आहोत. न वाचता अंगठा उठवण्याचे दिवस गेले. मग न वाचता पिन कशाला टाकायचा?

लाज ही ठकाची सोबतीण

पैसे गेल्यावर पुष्कळ माणसे गप्प बसतात. घरी सांगत नाहीत. बँकेत जात नाहीत. पोलिसांकडे तर नाहीच नाही. "लोक हसतील. एवढा जाणता माणूस अन् फसला कसा, म्हणतील," असे त्यांना वाटते.

झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी म्हण आहे. ती इथे चालत नाही. इथे मूठ झाकली की ठकाला पळायला वेळ मिळतो.

आणि फसलेला माणूस एकटा नसतो. एप्रिल २०२३ मध्ये हरयाणाच्या पोलिसांनी नूह जिल्ह्यातील १४ गावांत एकाच रात्री छापे घातले. अनेक ठक पकडले. जुन्या वस्तू स्वस्तात विकण्याच्या खोट्या जाहिराती देणे, हाही त्यांचा एक डाव होता. देशभरातील सुमारे २८,००० फसवणुकींशी त्यांचा संबंध असल्याचे पोलिसांनी सांगितले. गेलेली रक्कम १०० कोटी रुपयांच्या घरात होती. म्हणजे हजारो माणसे फसली. ती सगळी काय अडाणी होती? नाही. शिकलेली, नोकरीतली माणसेही अशा डावाला फसतात. ठकाचा तो रोजचा धंदा आहे आणि आपली ती पहिलीच वेळ असते. मग लाज कोणी धरायची? चोराने, की ज्याच्या घरी चोरी झाली त्याने?

घड्याळाकडे पाहा

बैल गेला अन् झोपा केला, असे आपण म्हणतो. पण या चोरीत बैल गेल्यावरही थोडा वेळ हातात असतो. तो कसा, ते समजून घ्या.

ठक हे पैसे स्वतःच्या खात्यात घेत नाही. कोणा गरजू माणसाला थोडे पैसे देऊन त्याचे खाते वापरायला घेतो. आपले पैसे त्या खात्यात जातात. तिथून दुसऱ्या खात्यात, तिथून तिसऱ्या. शेवटी कोणीतरी यंत्रातून नोटा काढून नेतो. नोटा हातात पडेपर्यंत पैसे कुठल्या ना कुठल्या खात्यात असतात. तेवढ्यात बँकेला खबर गेली, तर ते तिथेच अडवता येतात. म्हणून पैसे गेल्याचे कळताच ही कामे करा.

१. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. एक-नऊ-तीन-शून्य. फोनवरच्या पैशाच्या फसवणुकीसाठी सरकारने हा नंबर दिला आहे. तिथे खबर दिली की ती पैसे गेले त्या बँकेकडे पोहोचते. पैसे पुढे गेले असतील, तर पुढच्या बँकेकडे जाते. फोन लागला नाही तर पुन्हा लावा.

२. फोन करताना खात्याचा नंबर, गेलेली रक्कम, तारीख, वेळ आणि ठकाचा फोन नंबर जवळ ठेवा. प्रत्येक व्यवहाराला १२ अंकी क्रमांक असतो. तो फोनवर दिसतो. तो कागदावर उतरवून घ्या.

३. आपल्या बँकेलाही कळवा. खात्यातून आणखी पैसे जाणार नाहीत असे करायला सांगा. पिन बदला. बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्यांची जबाबदारी बँकेवर, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ठरवून दिले.

४. ठकाचे संदेश, फोटो, कोड काहीही पुसू नका. तोच पुरावा आहे.

५. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात अशा तोतया ठकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

हे सर्व करूनही सगळे पैसे परत मिळतीलच असे नाही. कधी थोडे मिळतात, कधी काहीच नाही. अडवलेले पैसे हातात पडायलाही वेळ लागतो, खेपा घालाव्या लागतात. पण एका तासात बोलणाऱ्याचे काम चार दिवसांनी बोलणाऱ्यापेक्षा सोपे असते.

दुसरा ठक

पैसे गेल्यावर काही दिवसांनी आणखी एक फोन येतो. "मी पोलीस खात्यातून बोलतो. तुमचे पैसे सापडले. आधी २,००० रुपये फी भरा." कधी तो वकील होतो, कधी बँकेचा साहेब होतो. हा दुसरा ठक. बुडणारा माणूस काडीचाही आधार धरतो, हे त्याला ठाऊक असते. फोनवर फी मागितली की फोन ठेवून द्या अन् स्वतः ठाण्यात जाऊन विचारा.

आणखी एक. आपले खाते, पासबुक, एटीएम कार्ड कोणालाही भाड्याने देऊ नका. चोराचे पैसे आपल्या खात्यातून गेले की पोलीस आधी आपल्याच दारी येतात.

घरच्या माणसांनी काय करावे?

बियाण्यासाठी ठेवलेले पैसे गेले, मुलीच्या फीचे पैसे गेले, तर राग येणारच. पण रागाने पैसे परत येत नाहीत. "तुम्हाला अक्कल कुठं होती?" असे विचारू नका. "१९३० ला फोन लावलात का?" असे विचारा.

मग घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. कुठले देणे आधी द्यायचे, कुठला खर्च पुढे ढकलता येतो, ते कागदावर मांडावे. सोसायटीला, दुकानदाराला खरे सांगून मुदत मागावी. खड्डा बुजवण्यासाठी घाईने सावकाराकडे जाऊ नये. फोनवर झटपट मिळणारे कर्जही घेऊ नये. एका खड्ड्यासाठी दुसरा खणू नये.

फसलेला माणूस जेवत नसेल, झोपत नसेल, जिवाचे वेडेवाकडे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. सरकारने २०२२ साली मनाच्या आजारांसाठी टेलिमानस ही फोनसेवा सुरू केली. तिचा नंबर १४४१६, म्हणजे एक-चार-चार-एक-सहा. फोनला पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते. पैसा पुन्हा मिळवता येतो. माणूस मिळत नाही.

आणि मंडळी, ज्याचे पैसे गेले त्याने चावडीवर बसून सगळी हकीकत सांगावी. ऐकणाऱ्यांनी हसू नये. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पण पुढच्याने "ठेच लागली" असे सांगितले, तरच मागचा शहाणा होईल. आज घरी गेल्यावर दाराजवळच्या भिंतीवर खडूने मोठ्या आकड्यांत १९३० लिहून ठेवा. घरातल्या प्रत्येकाकडून तो आकडा एकदा वाचून घ्या.