माथेरानची मिनी ट्रेन आणि रेल्वेवेड्यांचे कॅमेरे

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या रेल्वेवेड्यांना हाताशी असलेली छोटी रेल्वे म्हणजे नेरळ–माथेरान. बदलापूरहून कर्जत लोकलने वांगणी, शेलू, मग नेरळ. तिथे रुंद रुळांशेजारी जेमतेम दोन फुटी रूळ सुरू होतात.

सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली हे काम हाती घेतले आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. साधारण २१ किलोमीटरचा हा मार्ग जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज असे थांबे घेत सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या माथेरानला पोचतो. कर्जतपुढच्या बोरघाटात चढ ३७ फुटांना एक फूट आहे, इथे तो काही ठिकाणी वीस फुटांना एक. शिवाय वळणांमागून वळणे. त्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून खास वाफेची इंजिने आणली. त्यांच्या टोकाच्या चाकजोड्या वळणावर किंचित सरकत. १९८०च्या दशकात वाफ गेली आणि डिझेलचा एकट्याचा अंमल सुरू झाला.

फोटो काढणाऱ्याला खरा फायदा होतो तो गाडीच्या संथपणाचा. बदलापूर–वांगणीदरम्यान डेक्कन क्वीन कॅमेऱ्यासमोरून काही क्षणांत निघून जाते. चुकले तर दुसरा दिवस. माथेरानची गाडी मात्र दोन-अडीच तास रेंगाळत चढते. वळणावर इंजिन आणि शेवटचा डबा एकाच चौकटीत येतात. मार्गाचा बराचसा भाग डोंगराच्या पूर्व अंगाने जातो, म्हणून उजेड सकाळी चांगला. दुपार कलली की डोंगराचीच सावली रुळांवर उतरते. जुन्या छायाचित्रांत डब्यांच्या टोकाला उभे ब्रेकमन दिसतात. ड्रायव्हरची शिटी ऐकली की ते आपापल्या डब्याचा हातब्रेक आवळत किंवा सैल सोडत. २०१६ मध्ये गाडी लागोपाठ घसरली, सेवा थांबली आणि पुढे डब्यांना एअर ब्रेक बसले. सुरक्षितता वाढली हे उत्तमच. फोटोतला एक माणूस मात्र कमी झाला.

रुळांत उतरून फोटो काढणे हा निव्वळ मूर्खपणा आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार विनापरवाना रुळांवर शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. फलाट आणि डब्याची खिडकी पुरेशी आहे.

हा मार्ग पावसाशी सतत झगडत आला आहे. जुलै २००५च्या अतिवृष्टीत तो उखडला आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९च्या पावसाने बंद पडलेली पूर्ण सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये परतली. एरवीही पावसाळ्यात नेरळ–अमन लॉज टप्पा बंद ठेवतात. त्या महिन्यांत धुक्यातली गाडी टिपायची असेल, तर दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सीने जाऊन अमन लॉज–माथेरान शटल गाठावी लागते.