घर अपुरे पडते ते केव्हा?

अमरावतीच्या अंबापेठेतील आमच्या जुन्या घरात दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि सहा माणसे होती. सासूबाईंना दम्याचा त्रास. रात्री उबळ आली की नातवंडांची झोप मोडू नये म्हणून त्या उठून ओसरीवर जाऊन बसत. पौषातल्या एका पहाटे त्या तेथेच शाल गुंडाळून, भिंतीला टेकून झोपी गेलेल्या दिसल्या. तोवर मोठे घर हा आमच्या दृष्टीने पैशाचा आणि थोडा प्रतिष्ठेचा विषय होता. त्या दिवसापासून तो प्रकृतीचा झाला.

खरे तर दाटीवाटी हा आपल्याकडे अपवाद नाही. 2011 च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे 37 टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये घर आणि आरोग्य यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत घरातील दाटी कमी करण्याची शिफारस असून क्षयरोग, श्वसनाचे इतर संसर्ग आणि अतिसार यांच्याशी दाटीचा संबंध जोडलेला आहे. मात्र केवळ माणसे आणि खोल्या यांचा भागाकार करून निर्णय घेऊ नये, असे मला वाटते. आजारी माणूस कोठे झोपतो, रात्री कोणाची झोप कोणामुळे मोडते, खिडकी प्रत्यक्षात उघडते की नाही, हे प्रश्न अधिक नेमके आहेत.

आम्ही दोन आठवडे एका वहीत याच नोंदी ठेवल्या. वही वाचताना ओशाळल्यासारखे झाले. निम्म्या अडचणी जागेच्या नव्हत्याच. लोखंडी कपाटाने आतल्या खोलीची एकुलती खिडकी वीस वर्षे अडवून धरली होती. दूरदर्शन संच झोपण्याच्या खोलीत होता, म्हणून मुलांची झोप अकराच्या पुढे जात होती. कपाट हलवले, संच बाहेर नेला. घर अचानक मोठे झाल्यासारखे वाटले, आणि नवे घर नकोच, असेही दोन-तीन दिवस वाटून गेले. परंतु वहीतील एक नोंद काही केल्या मिटेना. बारा वर्षांच्या मुलीला कपडे बदलायला न्हाणीघराखेरीज जागा नव्हती. तिने कधी तक्रार केली नव्हती; ती फक्त शाळेतून आल्यावर संध्याकाळपर्यंत गणवेशातच राहू लागली होती.

निर्णय झाला तो तेथे. पण सासऱ्यांनी एक प्रश्न टाकला : "पोट्टे पुन्याले गेल्यावर एवढ्या खोल्यायचं काय लोणचं घालता?" हसू आले तरी प्रश्न खोटा नव्हता. वऱ्हाडातील किती घरांत बारावीनंतर मुलांच्या खोल्यांत धान्याच्या कोठ्या येऊन बसतात! आमची गरज जेमतेम सात-आठ वर्षांची, आणि वीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर दरमहा हप्ता सुमारे 17,350 रुपये, एकूण परतफेड साडेएकेचाळीस लाखांच्या वर. हप्त्यापोटी दूध, फळे, औषधे यांत काटकसर करावी लागणार असेल, तर आरोग्यासाठी घेतलेले घर आरोग्यावरच उठते.

शोध सुरू झाला तेव्हा अकोल्याच्या नणंदेचा अनुभव कामी आला. गोरक्षण रस्त्याच्या बाजूला त्यांनी सर्वांत वरच्या मजल्यावरची ऐसपैस सदनिका घेतली ती जानेवारीत पाहून. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो, आणि तीन खोल्यांचे ते कुटुंब उन्हाळ्यात एका कूलरपुढे एकाच खोलीत झोपते. म्हणून आपल्याकडे घर पाहायचे तर उन्हाळ्यात, दुपारी तीनला आणि पुन्हा रात्री दहाला पाहावे. पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावावा. कूलरच्या टाकीतले पाणी आठवड्याला पूर्ण काढून ती घासून कोरडी करता येईल, अशी जागा आहे का, तेही पाहावे. डेंग्यूचे डास तेथेच वाढतात.

पाण्याची चौकशी तर आधी. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील भूजल खारट असल्यामुळे "बोअर आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. पिण्यासाठी अमरावतीत ऊर्ध्व वर्धा धरणाचे, अकोल्यात काटेपूर्णेचे नळाचे पाणी त्या वस्तीत येते का आणि किती दिवसांआड येते, हे शेजाऱ्यांना विचारावे. नदी-नाल्याकाठच्या स्वस्त भूखंडाविषयी जुन्या रहिवाशांना विचारावे. 2021 च्या जुलैत मोर्णेच्या पुराचे पाणी अकोल्यातील घरांत शिरले होते.

आम्ही शेवटी घर विकत घेतले नाही. जुन्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, तळमजल्यावरचे तीन खोल्यांचे घर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घेतले. शहराबाहेर याच भाड्यात चार खोल्या मिळत होत्या; पण सासूबाईंचा चाळीस वर्षांचा शेजार तेथे कोठून आणणार? त्या आजही रोज संध्याकाळी जुन्या गल्लीत जाऊन बसतात. उबळ अजूनही येते, पण आता त्या आपल्या खोलीतला दिवा लावून पलंगावरच उठून बसतात. मुलीने आपल्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून मागितली. करार चैत्रात संपतो आहे, आणि सासऱ्यांचा लोणच्याचा प्रश्न पुन्हा निघालाच आहे.