मगर ऊन खाते

थंडी पडली की सांगलीकडच्या कृष्णाकाठच्या मगरींचे फोटो पेपरात येतात. त्याखाली हल्ली ‘सनबाथ घेताना मगर’ असं वाचायला मिळतं. मगरीवर आणि दोन्ही भाषांवर हा अन्यायच आहे.

आधी इंग्रजीचं पाहू. ‘बाथ’ हे नाम, ‘बेद’ हे क्रियापद. म्हणून ‘सनबेद’ आणि चालू क्रियेसाठी ‘सनबेदिंग’; आपण सर्रास म्हणतो ते ‘सनबाथिंग’ नव्हे. हे मुख्यतः माणसाचं, अंगावरचे कपडे उतरवून, ठरवून केलेलं काम. गोव्याच्या किनाऱ्यावर पडलेला पर्यटक ‘सनबेद’ करतो. मगरीसाठी इंग्रजीत शब्द आहे ‘बास्क’.

या ‘बास्क’ची कुळकथा विलक्षण आहे. तो स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आला. त्याच्या शेपटातला ‘स्क’ म्हणजे ‘स्वतःला’. अगदी आपल्या संस्कृतातल्या आत्मनेपदासारखा. अर्थ होता स्वतःला न्हाऊ घालणं. मध्ययुगीन इंग्रजीत लोक रक्तातही ‘बास्क’ करत. या शब्दाला उन्हात आणून बसवलं ते शेक्सपिअरने, 1600च्या सुमाराच्या ‘ॲज यू लाइक इट’मध्ये. पुढे कौतुकाच्या उबेलाही तोच शब्द लागला. म्हणजे ‘सनबेद’ काय नि ‘बास्क’ काय, मुळात दोन्ही आंघोळीच.

मराठी मात्र ऊन खाते. न्हाणं आपल्याला ठाऊक नाही असं नाही. आपण चांदण्यात न्हातो, कौतुकात न्हाऊन निघतो. पण ऊन आपण अंगावर ओतून घेत नाही, ते खातो. आणि मगरीच्या बाबतीत हा शब्द शास्त्रालाही धरून आहे. तिच्या शरीराचं तापमान बाहेरच्या उष्णतेवर चालतं. थंडीत अंग तापल्याशिवाय तिला गिळलेला मासा नीट पचत नाही. तिला ऊन खाल्ल्यावरच जेवण अंगी लागतं!

खाण्याला माप असतं, म्हणून मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. अंगणात आजी नातवाला घेऊन बसते ते सकाळच्या कोवळ्या उन्हात, सोसेल तेवढंच. दुपारचं ऊन कुणी खात नाही, ते लागतं. उन्हाशी असलेलं आपलं सगळं नातं या दोन क्रियापदांत आहे. तेव्हा पुढच्या फोटोखाली एवढंच लिहावं: कृष्णाकाठी ऊन खात पडलेली मगर.