डबी तडकली, नाणे नव्हे!



समजा, तुमच्या मुंबईच्या काकांना जुनी नाणी जमवण्याचा नाद होता. त्यांच्या माघारी एक राजाछाप चांदीचा रुपया तुमच्या घरी आला. सहावा जॉर्ज, साल १९३९. रुपया सुटा नाही. जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत बंद केलेला, वर चिठ्ठी आणि नंबर. मुलीचे लग्न तोंडावर आले, रुपया विकायचे ठरले, आणि कपाट आवरताना डबी फरशीवर पडून तडकली!

घरात लगेच सल्ले सुरू होतात. थोरला म्हणतो, "डबी टाका फोडून, रुपया तर शाबूत आहे ना!" आजी म्हणतात, "चिंच लावून लख्ख करून देते." धाकटा गोंदाची नळी घेऊन बसतो. मंडळी, खरे नुकसान इथेच होते. डबी तडकल्याने किंमत थोडी उतरते. आपल्या हाताने ती पार धुऊन जाते.

डबीचे महत्त्व काय?

नाणे अस्सल आहे का, किती झिजले आहे, हे पाहून त्याला १ ते ७० पर्यंत प्रत देणाऱ्या कंपन्या अमेरिकेत आहेत. पीसीजीएस १९८६ साली आणि एनजीसी १९८७ साली सुरू झाली. आपल्याकडची नाणीही त्या तपासतात. तपासलेले नाणे अशा डबीत घालून ती कायमची जोडून टाकतात. फोडल्याशिवाय ती उघडत नाही.

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीसारखेच हे समजा. पिशवीला ओरखडा पडला तरी शिलाई आणि टॅग शाबूत असेल, तर घेणारा विश्वास ठेवतो. शिलाई उसवली की आत बी तेच असूनही कोण मानणार?

१९३९ चा रुपया दुर्मिळ आहे. दुर्मिळ नाण्यांच्या नकला होतात, म्हणून घेणारा या खात्रीचेच पैसे मोजतो. नुसती चांदी म्हणाल, तर रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. त्यात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. मोडीत घातला तर सराफ तेवढ्याचेच पैसे देईल.

मग काय करावे?

डबी उजेडात धरून नीट पाहा. नुसता ओरखडा आहे, कोपरा उडाला आहे, की जोडच उघडला आहे? नाण्याला बोट लागेल एवढी फट आहे का?

गोंद, चिकटपट्टी काही लावू नका. गोंदाच्या वाफेने प्लॅस्टिक धुरकटते, आणि मुद्दाम सांधलेली डबी पाहून घेणाऱ्याला संशय येतो. डबी स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवा. रबरबँड गुंडाळू नका. त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. नाणे बाहेर निघालेच असेल, तर कडेने धरा, पण चिंच, राख, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नका. घासलेले नाणे जाणकार लगेच ओळखतो.

चिठ्ठीवरचा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहा. शिकलेली मुले हे मोबाइलवर करून देतील. तिथली माहिती आणि हातातले नाणे जुळले पाहिजे. मग दोन्ही बाजूंचे आणि तड्याचेही फोटो काढा.

अशी डबी कंपनी शुल्क घेऊन बदलून देते. जोड उघडला असेल, तर नाणे पुन्हा तपासते. नाणे मोठ्या किमतीचे असेल, तरच हा खर्च परवडतो. एक लक्षात ठेवा: १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षे किंवा त्याहून जुने नाणे खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तसे नाणे असेल, तर ते तडकलेल्या डबीसह इथेच विका.

विकताना

एकाच दुकानावर विसंबू नका. दोन-तीन जाणकार व्यापाऱ्यांना किंवा नाण्यांचे लिलाव करणाऱ्यांना दाखवा. तशाच प्रतीचे नाणे मागे लिलावात कितीला गेले, ते विचारा. तडा लपवू नका, आधीच सांगा. सांगितलेला तडा थोडेफार पैसे कमी करतो. लपवलेला तडा सौदाच मोडतो. व्यवहाराची लेखी पावती घ्या.

आणि "जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा" असा फोन आला, तर तो खाली ठेवा. रिझर्व्ह बँक असा व्यवहार करीत नाही आणि असे शुल्कही मागत नाही. तिने स्वतः २०२१ साली लोकांना तसे सावध केले आहे.

तेव्हा मंडळी, डबी पडलीच, तर आधी हात आवरा. तडा डबीला गेला आहे. नाण्याला आपण धक्का लावला नाही, तर लग्नाच्या खर्चाला त्याचा चांगला हातभार लागेल.