भिंगरीतून निघालेलं रक्त तपासायचं यंत्र

आज आपण बोलणार आहोत प्रयोगशाळेतल्या एका उपकरणाबद्दल. प्रयोगशाळा म्हटलं की काचेच्या नळ्या आणि महागडी यंत्रं डोळ्यांसमोर येतात. पण आजचं उपकरण कागदाचं आणि दोऱ्याचं आहे. त्याची कल्पना सुचली ती मुलांच्या खेळण्यावरून.

आपण लहानपणी बटणाच्या दोन भोकांतून दोरा ओवून भिंगरी केलेली आहे. दोन्ही हातांनी दोरा ओढायचा, सैल सोडायचा, की बटण गरगर फिरतं आणि सूं सूं आवाज येतो. हीच भिंगरी आता रक्त तपासायला उपयोगी पडू शकते.

आधी रक्ताचं समजून घेऊ. गढूळ पाणी हंड्यात ठेवलं की गाळ खाली बसतो, निवळ पाणी वर येतं. रक्ताचंही तसंच आहे. त्यातल्या तांबड्या पेशी जड असतात, त्या खाली जातात. पिवळसर पाण्यासारखा भाग वर राहतो, त्याला प्लाझ्मा म्हणतात. पण नुसतं ठेवून दिलं तर याला फार वेळ लागतो. म्हणून रक्ताची नळी जोरात फिरवतात. पाण्याची बादली हातात धरून गोल फिरवली तर पाणी सांडत नाही, बुडाकडे दाबलं जातं. तसाच नळीतला जड भाग बाहेरच्या टोकाला जाऊन बसतो. हे काम करणाऱ्या यंत्राला सेंट्रिफ्यूज म्हणतात.

बारीक नळीत तांबड्या पेशींचा थर किती भरला, हे पट्टीवर मोजता येतं. बाईच्या रक्तात हा थर साधारण ३६ टक्क्यांपेक्षा कमी भरला, तर रक्त कमी आहे, म्हणजे ॲनिमिया आहे, असं समजतात.

अडचण अशी की सेंट्रिफ्यूज महाग, जड आणि विजेवर चालणारं. मनु प्रकाश हे आपल्या मेरठचे, आयआयटी कानपूरला शिकलेले आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणारे शास्त्रज्ञ. २०१३ मध्ये ते आफ्रिकेतल्या युगांडात गेले होते. तिथल्या एका दवाखान्यात सेंट्रिफ्यूज होतं, पण वीजच नसल्यामुळे ते दार उघडं ठेवायला अडसर म्हणून लावलेलं होतं!

मग त्यांनी आणि साद भामला या सहकाऱ्याने फिरणारी खेळणी तपासायला घेतली. त्यातून भिंगरी निवडली, तिच्या दोऱ्याला पीळ कसा बसतो याचं गणित मांडलं, आणि २०१७ मध्ये 'पेपरफ्यूज' जगासमोर आणलं. वजन फक्त २ ग्रॅम, खर्च तेव्हाच्या हिशोबाने १३-१४ रुपये. हाताने ओढलं की मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत वेग जातो. दीड मिनिटात प्लाझ्मा वेगळा होतो आणि १५ मिनिटांत मलेरियाचे जंतू असलेल्या पेशी वेगळ्या काढता येतात. यांच्याच गटाने त्याआधी घडी घालून बनवायचं कागदी सूक्ष्मदर्शक, 'फोल्डस्कोप', तयार केलं होतं. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आपल्या शाळा-कॉलेजांत त्याच्या वापराला मदत दिली.

आता एक गोष्ट नीट ऐका. हे ऐकून कुणी घरी भिंगरी करून रक्त फिरवायला जाऊ नका. सुई नवी हवी, नळी बंद हवी, आणि वापरलेली सुई नीट टाकायला हवी. हे शिकलेल्या माणसाचंच काम.

मग आपल्याला यातून काय घ्यायचं? आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५७ जणींना ॲनिमिया आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. धाप लागते, चक्कर येते, आणि आपण म्हणतो, "कामानं थकवा येतोच." बाळंतपणात जास्त रक्त गेलं, तर हाच थकवा जिवावर बेततो.

यंत्र स्वस्त झालं म्हणून तपासणी आपोआप होत नाही. आपल्याकडे आशाताई आणि नर्सताई बोटाच्या थेंबावर हिमोग्लोबिन तपासतात. तेव्हा मागे राहू नका. नुसतं "ठीक आहे" ऐकून उठू नका, आकडा विचारा. १२ च्या खाली असेल, किंवा गरोदरपणी ११ च्या खाली, तर उपचार हवेत. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

आमच्या गटांनी ठरवलंय, बचतीच्या वहीशेजारी प्रत्येकीने आपल्या आकड्याची वहीही ठेवायची. कुणाला दाखवायची, ते तिनेच ठरवायचं. पैशाचा हिशोब आपण पै-पैचा ठेवतो, रक्ताचाही ठेवूया. पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढा.